कागदांना पाच तारे, तिकिटांना दोन: धरमपेठेतल्या एका व्हिसा-सेवेचा अनुभव

नागपुरात थायलंडची टूर विकणारे गल्लोगल्ली सापडतात. चार रात्री, पाच दिवस, कोरल आयलंड, नाश्ता फ्री. पण तिथे वर्षभर राहायचं आहे, निवृत्तांचा लाँग-स्टे परवाना लागेल आणि सोबत बायकोचेही कागद लावायचे आहेत, असं म्हटलं की समोरचा चेहरा कोरा होतो. सीताबर्डीवरच्या एकाने तर मला सरळ सांगितलं, "सर, त्यापेक्षा टूरच घ्या ना, वर्षातून दोनदा." शेवटी धरमपेठेत एक जण भेटला, ज्याला नॉन-ओ आणि ओ-ए या थायलंडच्या दोन लाँग-स्टे व्हिसांतला फरक ठाऊक होता. पहिल्या मजल्यावरचं छोटंसं ऑफिस, मालक पन्नाशीचे, तिकिटांचं काम बघायला त्यांचा पुतण्या. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार करायची आहे आणि माणसं तशी वाईट नाहीत.

आधी चांगलं सांगतो. आमचं लग्न 1986 चं. तेव्हा नोंदणी कोण करत होतं? थायलंडमध्ये पन्नाशीपुढच्या माणसाला निवृत्तीच्या आधारावर राहायचं तर स्वतःच्या नावावर तिथल्या बँकेत 8 लाख बाथ ठेवावे लागतात, नाहीतर महिन्याला 65 हजार बाथ उत्पन्न दाखवावं लागतं. माझ्या पेन्शनमध्ये दुसरं शक्य नव्हतं. बायकोसाठी वेगळे 8 लाख नकोत, ती डिपेंडंट म्हणून राहू शकते, पण त्याला लग्नाचा दाखला हवा, तोही रीतसर साक्षांकित. आमच्याकडे अल्बम होता, दाखला नव्हता. लग्नपत्रिका भावाच्या घरी ट्रंकेत निघाली, त्यात हिचं माहेरचं नाव. लग्न लावणारे गुरुजी केव्हाच गेलेले. मालकांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा स्वतः केला, तीन साक्षीदार गोळा करायला लावले, महापालिकेच्या झोन ऑफिसात स्वतः सोबत आले. पासपोर्टवरचं नाव, आधारवरचं नाव आणि पत्रिकेतलं नाव या तिघांची सांगड घालणारा एक परिच्छेद त्यांनी त्या प्रतिज्ञापत्रात घातला होता, तो वाचून मी मनातल्या मनात टाळी वाजवली. माझी अख्खी नोकरी एजी (महालेखापाल) ऑफिसात दुसऱ्यांचे कागद तपासण्यात गेली आहे, त्यामुळे टाळी सहसा वाजत नाही. पुढे परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनापर्यंत सगळं त्यांनीच केलं, आणि एकही कागद परत आला नाही.

थायलंडला पैसे पाठवतानाही सल्ला नेमका मिळाला. बँकेत ए-टू फॉर्म कसा भरायचा, आणि ठरावीक रकमेच्या वर (तेव्हा 7 लाख, 1 एप्रिल 2025 पासून 10 लाख) 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ घेते तो कर, कापला जाईल, तो रिटर्न भरताना वळता करून घ्या, हे आधीच सांगितल्यामुळे खात्यातून रक्कम गेल्यावर धक्का बसला नाही. या सगळ्याचे त्यांनी 12 हजार घेतले. महाग म्हणणार नाही.

तर 14 सप्टेंबर 2024 ला आम्ही 90 दिवसांच्या नॉन-ओ व्हिसावर उतरलो, पट्टायाजवळ जोमतिएनला भाड्याने घर घेतलं, आणि मुदत संपण्याआधी वर्षभराचं एक्स्टेन्शन मिळालं: 12 डिसेंबर 2025 पर्यंत. इथवर सेवेला पाचपैकी पाच.

आता तिकिटं.

2025 च्या नोव्हेंबरात नागपूरला यायचंच होतं. तुळशीचं लग्न झालं की घरोघरी मुहूर्त, त्यात आमच्या पुतण्याचं लग्न 23 नोव्हेंबरला, शिवाय हयातीचा दाखला. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण माझा त्या कॅमेऱ्यापेक्षा बँकेतल्या काउंटरवर जास्त विश्वास. मी व्हॉट्सअॅपवर मालकांना कळवलं, त्यांनी काम ऑफिसातल्या त्यांच्या पुतण्याकडे दिलं. त्याने दोघांची तिकिटं पाठवली: जाणं 6 नोव्हेंबर, परत 16 डिसेंबर. बँकॉक-मुंबई-नागपूर, कारण नागपूरहून बँकॉकला थेट विमान नाही. भाव चांगला लावला होता. फक्त 16 डिसेंबरला आमचा परवाना संपून चार दिवस झालेले असणार होते.

मी फोन केला. तो म्हणाला, "काका, टेन्शन काहून घेऊन राहिले? री-एन्ट्री परमिट काढून घ्या ना, हजार बाथचं काम आहे."

हा गैरसमज इतक्या लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय की जरा सविस्तर लिहितो. थायलंडमध्ये एक्स्टेन्शनवर राहणारा माणूस री-एन्ट्री परमिट न घेता देशाबाहेर पडला, तर त्याचं एक्स्टेन्शन त्याच क्षणी संपतं. विमानतळावर बाहेर जाताना शिक्का पडला की वर्षभराची मेहनत रद्द. म्हणून टीएम-8 फॉर्म भरून परमिट घ्यायचं: एकदाच ये-जा करायची तर 1,000 बाथ, कितीही वेळा करायची तर 3,800. पण परमिट फक्त उरलेली मुदत राखून ठेवतं. ती एका दिवसाने वाढवत नाही. परवाना 12 डिसेंबरला संपत असेल तर परमिटही 12 डिसेंबरलाच संपतं. मी त्या पोराला म्हटलं, "अरे, डुप्लिकेट किल्ली करून आणली म्हणून भाडेकरार वाढतो का?" तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "मग रिटर्न 9 डिसेंबर करतो."

आता 9 डिसेंबर कागदावर बरोबर होतं. मुदतीच्या तीन दिवस आधी पोहोचणार. पण तिथलं सुट्ट्यांचं कॅलेंडर त्याने उघडलंच नव्हतं. 10 डिसेंबर हा थायलंडचा संविधान दिन, सरकारी सुट्टी. राहिले 11 आणि 12. त्या दोन दिवसांत बँकेचं ताजं पत्र आणायचं, पासबुक त्याच दिवशी एन्ट्री मारून घ्यायचं, घराचे कागद, फोटो, झेरॉक्स, दोघांचे फॉर्म, आणि मग इमिग्रेशनची रांग. मुंबईत धुकं पडून विमान हुकलं तर? मुदत उलटल्यावर दिवसाला 500 बाथ दंड, तो कमाल 20 हजारांपर्यंत जातो, असं लोक सांगतात. पण आमच्यासारख्याचा प्रश्न दंडाचा नाहीच. देशाबाहेर असताना तारीख उलटली तर दंड नाही लागत, परवानाच उरत नाही. मग नव्याने व्हिसा, 1 जानेवारी 2025 पासून तो ऑनलाइनच अर्ज करून मिळतो, पुन्हा 90 दिवस, पुन्हा पहिल्यापासून सगळं. हिच्या लग्नाच्या दाखल्यासकट.

मी शेवटी स्वतःच कागद घेऊन बसलो. एक्स्टेन्शनचा अर्ज मुदत संपण्याच्या 30 दिवस आधीपासून घेतात, काही ऑफिसं 45 दिवसही चालवून घेतात. आणि नवीन वर्ष मोजलं जातं ते जुन्या तारखेच्या पुढून, अर्जाच्या तारखेपासून नव्हे. म्हणजे लवकर केलं तर एक दिवसही बुडत नाही. मग 6 तारखेला निघायची घाई कशाला? लग्न 23 ला. 13 नोव्हेंबरला अर्ज करायचा, पासपोर्ट हातात आला की नव्या मुदतीवर री-एन्ट्री घ्यायची आणि मग निघायचं. हा क्रम उलटा केला तर जुन्या मुदतीवरचं परमिट जुन्या मुदतीबरोबरच जातं आणि हजार बाथ वाया. इतकी साधी गोष्ट, पण "लाँग-स्टे स्पेशालिस्ट" अशी पाटी लावलेल्या ऑफिसाला ती तिकीट काढण्याआधी सुचायला हवी होती. मला परवान्याची तारीख विचारणारा एकही प्रश्न त्यांच्या तिकिटाच्या फॉर्ममध्ये नव्हता. पासपोर्टची मुदत विचारतात. जेवण व्हेज की नॉन-व्हेज तेही विचारतात.

तारीख बदलायचे पैसे लागले. एअरलाइनचा फरक मी दिला, ते ठीक. पण त्यावर "सर्व्हिस" म्हणून आणखी 1,500 लावले तेव्हा मी आमच्या जुन्या खात्याच्या भाषेत लेखी आक्षेप पाठवला, मुद्दा क्रमांक घालून. मालकांचा फोन लगेच आला. "सर, ते काढून टाकतो. पोरगं टूरच्या तिकिटांत तयार झालंय, त्याला हे माहीतच नाही." हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, म्हणून तिकिटांना एकऐवजी दोन तारे.

जोमतिएनच्या सोई 5 मधल्या इमिग्रेशन ऑफिसात 13 तारखेला सकाळी गेलो. बाहेरच्या झेरॉक्सवालीने काळे कपडे घातले होते, राजमाता सिरिकित 24 ऑक्टोबरला गेल्या होत्या. तिने आमची फाइल पाहून आणखी एक गोष्ट मागितली: बँक पासबुकच्या प्रत्येक पानाची प्रत, कोरं पान सोडून. कारण तिथे फक्त आजची शिल्लक बघत नाहीत. अर्जाआधी दोन महिने 8 लाख पूर्ण हवेत, मंजुरीनंतर तीन महिने तसेच हवेत, आणि उरलेल्या काळात 4 लाखांच्या खाली जाता येत नाही. आमच्या हिने मध्यंतरी त्या खात्यातून पुतण्याच्या आहेराचे पैसे काढू का असं विचारलं होतं. मी हो म्हटलं असतं तर याच पासबुकात ते दिसलं असतं. ही गोष्ट मात्र धरमपेठेच्या मालकांनी पहिल्याच बैठकीत लिहून दिलेल्या चिठ्ठीत होती, ते श्रेय त्यांचं. एक्स्टेन्शनचे माणशी 1,900 बाथ, री-एन्ट्रीचे माणशी 1,000, दोघांचे मिळून 5,800. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट मिळाले. बायकोचं परमिट वेगळं, नवऱ्याच्या परमिटवर तिला परत येता येत नाही, हे लक्षात ठेवा.

नागपूरचं काय सांगू? लग्न झालं, हयातीचा दाखला झाला, थंडीत सकाळी तर्री-पोहे झाले, संत्री खाऊन हिचा घसा बसला. संक्रांतीपर्यंत राहिलो, घाई कसलीच नव्हती.

परतताना मुंबईच्या चेक-इन काउंटरवर मुलीने व्हिसा विचारला. जुना नॉन-ओ व्हिसा वापरून झालेला. मी पासपोर्टमध्ये री-एन्ट्रीच्या पानावर आधीच कागदाची पट्टी घालून ठेवली होती, ती उघडून दाखवली. बँकॉकला उतरल्यावर अधिकाऱ्यापुढेही तेच पान उघडून ठेवलं. कारण गर्दीत त्याने ते पाहिलं नाही आणि पर्यटकाचा शिक्का मारला, तर तो सुधारून घेणं ही नवी डोकेदुखी. शिक्का पडल्यावर काउंटरपासून हलण्याआधी हिने चष्मा लावून स्वतःच्या पासपोर्टवरची तारीख वाचली, मग माझ्या. दोन्हीकडे 12 डिसेंबर 2026. मागे एक रशियन ताटकळत होता, त्याला थांबावं लागलं. 90 दिवसांनी पत्ता कळवायचा असतो, त्याची मोजणीही या नव्या आगमनापासून सुरू होते, जुना हिशोब सोडून द्यायचा.

कुणी विचारलं तर मी अजूनही याच ऑफिसाचा पत्ता देतो, पण सांगून: कागद मालकांकडे द्या, तिकीट स्वतः काढा. ज्यांचा ओ-ए व्हिसा आहे त्यांनी आरोग्यविम्याचंही मालकांनाच विचारा, तिथे विमा लागतो, आमच्या प्रकारात लागत नाही, त्यांच्या पुतण्याला हा भेद कळत नाही.

एक आक्षेप अजून निकाली निघालेला नाही. 1 मे 2025 पासून थायलंडला जाताना डिजिटल अरायव्हल कार्ड (टीडीएसी) भरावं लागतं. थाई इमिग्रेशनच्या साइटवर ते पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं आणि त्याला एक पैसा लागत नाही. बिलात मात्र "टीडीएसी शुल्क" म्हणून माणशी 500 रुपये होते. शुल्क म्हटलं की ते सरकारला गेलं पाहिजे, भरून देण्याची मजुरी असेल तर तसं लिहा, एवढंच माझं म्हणणं. मालकांनी 500 परत दिले आणि उरलेले 500 पुढच्या कामात वळते करू म्हणाले. पावती मी हजाराचीच जपून ठेवली आहे.