क्रिटिक्स चॉइस पुरस्कार: ऑस्करचं पंचांग म्हणून वाचू नका

जानेवारीत अमेरिकेतल्या पुरस्कारांच्या बातम्या सुरू झाल्या, की ‘क्रिटिक्स चॉइस’चा, म्हणजे तिथल्या समीक्षकांच्या एका संघटनेच्या पुरस्कारांचा, निकाल आल्या आल्या एकच प्रश्न विचारला जातो: मग आता ऑस्कर कुणाला? हा प्रश्न या पुरस्कारांना कायमचा चिकटला, त्याला ते देणारी संघटनाही जबाबदार आहे. ऑस्कर नामांकनांचा सर्वांत अचूक अंदाज आमच्या यादीत मिळतो, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली. म्हणून आधी तेच तपासू, आणि तेही नामांकनांपुरतं नाही, थेट सर्वोच्च पुरस्काराच्या बाबतीत.

पहिले पुरस्कार जानेवारी 1996 मध्ये दिले गेले. 1995 पासून 2024 पर्यंतच्या 30 वर्षांचे (वर्ष सोहळ्याचं नव्हे, चित्रपटांचं) सर्वोत्कृष्ट चित्रपट ऑस्करशेजारी मांडले, तर 18 वेळा नाव जुळतं आणि 12 वेळा नाही. पहिली चारही वर्षं चुकली. मग 1999 ते 2003 अशी सलग पाच वर्षं जुळली. 2016 ते 2021 या सहा वर्षांत फक्त दोनदा जुळलं: ‘द शेप ऑफ वॉटर’ आणि ‘नोमॅडलँड’. त्यानंतरची तीन वर्षं पुन्हा तंतोतंत. ऑस्करचा कौल आधी कळावा म्हणून कुणी या निकालाकडे पाहत असेल, तर दर पाचांत दोनदा फसगत ठरलेली.

याचं एक कारण मतदानाच्या पद्धतीत सापडतं. ऑस्करसाठी मत देणारे समीक्षक नसतात, ते चित्रपट बनवणारे लोक असतात: नट, संकलक, छायाचित्रकार, ध्वनीवाले. शिवाय 2009 च्या चित्रपटांपासून तिथे सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रम लावून मत द्यावं लागतं. तळाचा चित्रपट बाद होतो, त्याची मतं पुढच्या पसंतीच्या चित्रपटाकडे जातात आणि कुणाला तरी निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत हे चालू राहतं. त्यामुळे काहींचा जीव की प्राण आणि काहींना नकोसा, अशा चित्रपटापेक्षा बहुतेकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असलेला चित्रपट पुढे सरकतो. क्रिटिक्स चॉइसने ‘ला ला लँड’, ‘रोमा’, ‘द पॉवर ऑफ द डॉग’ निवडले, ऑस्कर ‘मूनलाइट’, ‘ग्रीन बुक’, ‘कोडा’ला गेलं. यातल्या निदान शेवटच्या दोन वर्षी पसंतीक्रमाचा हात असावा, असं वाटण्याला पुरेशी जागा आहे.

संघटनेची घडणही लक्षात घ्यायला हवी. 1995 मध्ये ती टीव्ही आणि रेडिओवर समीक्षा करणाऱ्यांसाठी निघाली. वृत्तपत्रांतल्या समीक्षकांच्या संस्था त्याआधीपासून होत्याच, न्यूयॉर्कची तर 1935 पासून. टीव्ही पत्रकारांची जोडसंस्था 2011 मध्ये आली आणि 2019 मध्ये दोन्ही एक होऊन आजची क्रिटिक्स चॉइस असोसिएशन झाली. सभासद सहाशेच्या आसपास. न्यूयॉर्कचे समीक्षक बैठक घेऊन फेऱ्याफेऱ्यांनी मतदान करतात, त्यामुळे तिथे एखादं अनपेक्षित नाव वर येऊ शकतं. सहाशे जणांच्या मतपत्रिकांतून तसं नाव क्वचितच निघतं. एवढ्या मोठ्या गटाचा कौल म्हणजे सर्वसाधारण पसंतीच असणार, आणि तो तसाच घ्यावा.

विजेत्यापेक्षा नामांकनांची यादी जास्त कामाची आहे, हे माझं ठाम मत. अभिनयाच्या विभागांत ऑस्करला पाच नावं असतात, इथे साधारण सहा. ते सहावं नाव बहुधा अशा कामाचं असतं, ज्याच्या प्रचारावर कुणी फारसा पैसा ओतलेला नसतो. बरोबरी झाली, की पुरस्कार दोघांनाही मिळतो: 2010 च्या सोहळ्यात अभिनयासाठी सँड्रा बुलक आणि मेरिल स्ट्रीप, 2019 मध्ये ग्लेन क्लोज आणि लेडी गागा, 2020 मध्ये दिग्दर्शनासाठी बाँग जून-हो आणि सॅम मेंडेस. ओढूनताणून एकच विजेता ठरवण्यापेक्षा हे प्रामाणिक वाटतं.

याच यादीची किंमत संघटनेने 2015 मध्ये स्वतःच्या हाताने कमी केली. डिसेंबरच्या मध्यावर दहा नामांकनं जाहीर झाली, तोवर ‘स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स’ सभासदांना पाहायलाच मिळाला नव्हता. मग सभासदांचं वेगळं मत घेऊन तो अकरावा म्हणून घातला गेला. चित्रपट चांगला की वाईट, हा मुद्दाच नाही. मुदतीत दाखवला नाही तर यादीत नाही, हा नियम सगळ्यांना सारखा हवा, आणि सर्वांत मोठ्या चित्रपटासाठी तो वाकवला की बाकीच्या दहांवर अन्याय होतो. बरीच टीका झाली. पुरस्कार शेवटी ‘स्पॉटलाइट’ला मिळाला, म्हणजे एवढा खटाटोप करून निकालात फरक शून्य.

टीव्हीच्या पुरस्कारांत गोंधळ होतो तो तारखांचा. एमीचं (अमेरिकन टीव्हीच्या सर्वांत मोठ्या पुरस्कारांचं) वर्ष 1 जून ते 31 मे, क्रिटिक्स चॉइसचं जानेवारी ते डिसेंबर. सुरुवातीला टीव्हीचे पुरस्कार जूनमध्ये व्हायचे, म्हणजे एमीच्या आधी. 2016 च्या जानेवारीत ते चित्रपटांच्या सोहळ्यात मिसळले आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुढचा सोहळा झाला, म्हणून 2016 चा निकाल शोधताना महिना तपासून घ्या. आताचा हिशेब असा: मालिका वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांत आली तर एमी आधी, नंतर आली तर क्रिटिक्स चॉइस आधी. ‘शोगुन’ फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, सप्टेंबरात एमी घेऊन गेली आणि इथला पुरस्कार तिला फेब्रुवारी 2025 मध्ये मिळाला, तेव्हा त्यात नवी बातमी काहीच नव्हती. ‘द पेंग्विन’ मात्र सप्टेंबर 2024 ची. तिच्यातल्या क्रिस्टिन मिलिओटी आणि कॉलिन फॅरल या दोघांनाही अभिनयासाठी इथे आधी निवडलं गेलं. पुढे मिलिओटीला एमी मिळालं, फॅरलला नाही. समीक्षकांचं स्वतःचं मत वाचायचं असेल तर ते अशा उत्तरार्धातल्या मालिकांत सापडतं.

सोहळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो बरीच वर्षं सँटा मोनिकाच्या विमानतळावरच्या बार्कर हँगरमध्ये होतो, वाहिन्या बदलत राहतात आणि विभाग इतके असतात की कितीतरी विजेत्यांच्या वाट्याला भाषण येत नाही. माहितीपट इथे शोधू नका. त्यांचा सोहळा 2016 पासून वेगळा आहे.

परभाषिक चित्रपटांच्या विभागासाठी मात्र या संघटनेचे मनापासून आभार मानावेत. 2022 आणि 2024 च्या चित्रपटांच्या वेळी ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागात एका देशाचा एकच चित्रपट चालायचा, तोही त्या देशाच्या समितीने पाठवलेला. म्हणजे समितीने नाकारलं की दार बंद. इथे अशी अट नाही. 2022 साठी भारताने ‘छेल्लो शो’ पाठवला होता, त्यामुळे ‘आरआरआर’ ऑस्करच्या त्या विभागात येऊच शकला नाही. क्रिटिक्स चॉइसने जानेवारी 2023 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपट ठरवलं आणि ‘नाटू नाटू’ला सर्वोत्कृष्ट गाण्याचा पुरस्कारही दिला.

दोन वर्षांनी पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’च्या वेळी हेच पुन्हा दिसलं. मुंबईतल्या मल्याळी परिचारिकांची ही गोष्ट, त्यात छाया कदम यांची पार्वती. कान महोत्सवात ग्रां प्री (तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार) मिळवलेल्या या चित्रपटाला भारताने पाठवलं नाही, ‘लापता लेडीज’ला पाठवलं. निर्मितीत फ्रान्सचा वाटा होता, पण फ्रान्सनेही ‘एमिलिया पेरेझ’ निवडला. दोन्ही दारं बंद झाली. क्रिटिक्स चॉइसच्या सहा नामांकनांत मात्र तो होता. त्या सहांपैकी चार चित्रपट पुढे ऑस्करच्या पाचांतही आले. उरलेल्या दोनपैकी ‘नीकॅप’ला निदान आयर्लंडने पाठवलं होतं. कपाडियांच्या चित्रपटाला कुठल्याच देशाने उमेदवार केलं नव्हतं.