बार्शीच्या घाण्यावरचे करडईचे तेल : भाकरीवर घ्यावे, कढईत ओतू नये

बार्शीत ज्या घाण्यावरून मी करडईचे तेल घेते, त्याला नावाची पाटी नाही. पत्र्याच्या दारावर 'लाकडी घाण्याचे तेल मिळेल' एवढेच रंगवलेले आहे आणि ओळखीची गिऱ्हाइके तेवढ्यावरच येतात. या तेलाविषयीचे माझे मत आधीच सांगते. वासाच्या आणि चवीच्या बाबतीत इतके चांगले करडईचे तेल मला पुण्यातल्या कोणत्याही दुकानात मिळालेले नाही. तळणासाठी मात्र ते घेऊ नये, आणि वर्षाचे तेल एकदम भरून ठेवण्याचा मोह तर मुळीच धरू नये. चांगलेपणाचे आणि या दोन्ही मर्यादांचे मूळ एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना करडईच्या तेलाचा वास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे रब्बीत ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी पेरत, कारण तिच्या काट्यांमुळे गुरे आतल्या पिकात शिरत नसत. कोवळी असताना तिच्या पानांची भाजी होई आणि काढणीनंतर करडईचे पोते घाण्यावर जाई. तेलाचा डबा आणि पेंड अशी दोन्ही घरी परत येत. डबा माजघरात आणि पेंड गोठ्यात. त्या दिवशी घरभर जो वास भरून राही, तो थोडा भाजलेल्या बियांचा, थोडा वाळल्या गवताचा आणि मागे किंचित कडवट असा असे. फोडणीत मोहरी तडतडण्याआधी हा वास अंगणापर्यंत येई आणि कोणाच्या घरी काय शिजते आहे हे गल्लीला कळे. शेजारी शेंगदाण्याचे तेल वापरणारे घर असले, तर तेही वासावरूनच ओळखू येई. पुढे रिफाइंड तेलाच्या पिशव्या आल्या आणि सगळ्या घरांच्या फोडण्यांना फक्त मोहरी-हिंगाचा वास उरला. या घाण्यावर जाण्यामागे माझे कारण तोच हरवलेला वास होते, हे मी मोकळेपणाने सांगते.

घाणा आता बैल ओढत नाही, विजेच्या मोटरवर चालतो. पण त्याची चाल संथ ठेवलेली आहे. लाकडी उखळात लाकडी लाट फिरते, करडई तिच्याखाली हळूहळू चेपली जाते आणि बराच वेळ नुसता भुगा दिसत राहतो. मग मालक त्यावर पाण्याचा हलकासा हबका मारतात आणि थोड्याच वेळात उखळाच्या कडेला तेल चमकू लागते. खालच्या नळीतून जे उतरते, ते बाटलीबंद तेलासारखे फिकट पिवळे नसते. ते गढूळ, गडद, मधाच्या रंगाकडे झुकणारे असते आणि हाताला कोमट लागते, गरम लागत नाही. हा स्पर्श मला महत्त्वाचा वाटतो, कारण घाण्याचे म्हणून विकले जाणारे काही तेल प्रत्यक्षात वेगाने फिरणाऱ्या लोखंडी एक्स्पेलरमधून चांगलेच तापून बाहेर पडलेले असते. मालकांनी पेंडेची एक खापरी उचलून माझ्या हातात मोडली आणि वास घ्यायला सांगितले. पेंड ताजी असेल तर तिला खवट वास येत नाही, आणि बी जुनाट असेल तर ते तेलाच्या आधी पेंडेत कळते, ही त्यांची परीक्षा आहे.

मी त्याच दिवशी तेल मागितले, तेव्हा त्यांनी ते दिले नाही. "ताई, हे आत्ताच काढलंय. गाळ खाली बसू द्या, परवा या. तोवर कुणी कितीही पैसे दिले तरी मी देत नसतो," असे ते म्हणाले. ज्या दुकानदाराला हातातले गिऱ्हाईक परत पाठवण्याची भीती वाटत नाही, त्याच्या मालावर माझा विश्वास बसतो. निवळलेले तेल ते वरच्यावर ओतून घेतात, फडक्यातून गाळतात आणि स्टीलच्या पिंपात ठेवतात. डबा आपण आणला तर त्यात भरून देतात आणि तो कोरडा आहे की नाही हे बोट फिरवून स्वतः पाहतात.

या तेलाला वास का असतो आणि पिशवीतल्या तेलाला का नसतो, याचे उत्तर शुद्धीकरणात आहे. मोठ्या कारखान्यात बियांतले उरलेसुरले तेल हेक्झेन या द्रावकाने काढतात. मग कच्च्या तेलातली आम्ले कॉस्टिक सोड्याने घालवतात, खास मातीतून गाळून रंग काढतात आणि शेवटी निर्वात पात्रात २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवलेल्या तेलातून वाफ सोडून वास काढून टाकतात. हे करणे चूक आहे असे मी म्हणणार नाही. त्यामुळे तेल टिकते आणि जास्त आच सोसते. पण ज्या गोष्टींमुळे करडई करडई म्हणून ओळखू येते, त्याच गोष्टी त्या वाफेबरोबर निघून जातात. घाण्याच्या तेलात त्या सगळ्या शिल्लक असतात, वास आणि स्वाद देणाऱ्या आणि धूर व फेस करणाऱ्याही.

हे तेल सगळ्यात चांगले लागते ते कच्चे. गरम ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा काढून आत सोलापुरी शेंगाचटणी भरावी आणि वरून या तेलाची धार सोडावी. चटणी उखळात कुटलेली असेल तर तिला शेंगदाण्याचे तेल आधीच सुटलेले असते. त्यावर करडईचे पडले की लसणाचा आणि तिखटाचा तोरा उतरतो, चटणीचा कोरडेपणा जातो आणि तो मागचा किंचित कडवटपणा घास संपल्यावर जिभेवर रेंगाळतो. हुलग्याच्या शेंगोळ्यांवर तर कच्चे तेल हवेच. मी रिफाइंड तेल घालून शेंगोळे खाल्ले आहेत आणि ते पोट भरण्यापुरतेच ठरले. हिरव्या मिरचीचा ठेचा या तेलात कालवला की दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. माझ्या आईला भाकरीवर तिखट, मीठ आणि तेल एवढेच वाढले, तेव्हा तिने चव घेण्याआधी ताट नाकाजवळ नेले आणि म्हणाली, "हे आपल्याकडचं आहे." तिला मी तेलाविषयी काहीही सांगितले नव्हते.

शिजवण्यात त्याचा निकाल मध्यम आचेवर उत्तम आहे. काळा मसाला घातलेली वांग्याची भाजी, डाळ घालून केलेली करडईची भाजी, येसराची आमटी यांत तेलाचा वास मसाल्याखाली दबत नाही आणि मसाल्यावर चढतही नाही. फोडणी करताना मात्र सवय बदलावी लागते. रिफाइंड तेल धूर येईपर्यंत तापवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्या हातून हे तेल करपेल. न शुद्ध केलेल्या करडईच्या तेलाला फार लवकर, साधारण ११० अंशांच्या आतच, धूर सुटू लागतो. म्हणून कढई बेताची तापली की आधी मोहरी टाकून पाहावी, ती तडतडताच आच कमी करावी आणि बाकीचे जिन्नस भराभर घालावेत. धपाटी किंवा थालीपीठ तव्यावर लावताना कडेने थोडे सोडले तर काहीच अडचण येत नाही, उलट कडा खमंग होतात.

तळण हा या तेलाचा प्रांत नाही. कांदाभजी तळताना कढईत फेस असा वर येतो की भजी दिसेनाशी होतात, धुराने डोळे चुरचुरतात आणि तळलेल्या पदार्थाला जड वास लागतो. आमच्या घरी पूर्वी तळणाआधी तेल कढवून घेत आणि फेस मरावा म्हणून त्यात चिंचेचे बुटूक टाकत. तो उपाय मी करून पाहिला. फेस बराच कमी होतो हे खरे, पण कढवण्यात तेलाचा सुवासही जातो. मग जास्त पैसे मोजून घाण्याचे तेल घेण्यात अर्थ उरत नाही.

सणासुदीच्या तळणाच्या आठवणी वेगळ्याच चरबीशी बांधलेल्या आहेत. लग्नातली बुंदी, गल्लीतल्या हलवायाची बालुशाही, दिवाळीचे शंकरपाळे हे सगळे आमच्याकडे डालडात होई. १९३७ साली बाजारात आलेल्या या वनस्पती तुपाचा पिवळा, ताडाचे झाड छापलेला डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागे किंवा धान्य भरले जाई. गरम डालडाचा तो गोडसर, मेणचट वास अजूनही एखाद्या जुन्या मिठाईच्या दुकानापाशी येतो आणि पाय थांबतात. परंतु आठवण गोड आहे म्हणून तो पदार्थही पुन्हा घरात आणावा, असे मला वाटत नाही. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याच्या त्या प्रक्रियेत ट्रान्स मेद तयार होतात, आणि त्यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध आता पक्का सिद्ध झाला आहे. २०२२ च्या जानेवारीपासून आपल्याकडे तेला-तुपातील ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. या वनस्पती तुपात निदान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती होती. ते एका साध्या रासायनिक चाचणीत लाल रंग देते, त्यामुळे साजूक तुपात डालडा मिसळला तर भेसळ पकडता येई. आमच्या आजीला ही चाचणी ठाऊक नव्हती. ती लोणी स्वतः कढवी, त्यात विड्याचे पान टाकी आणि बेरी आम्हा मुलांना साखर घालून देई; विकतच्या तुपाचा डबा आला की तळहातावर चोळून वास घेई आणि बहुतेक वेळा परत पाठवी.

वासाची ही पारख करडईच्या तेलाबाबत आज अधिकच गरजेची आहे. या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण जवळजवळ तीन-चतुर्थांश असते. हेच आम्ल हवेशी आणि उजेडाशी लवकर संयोग पावते, म्हणून घाण्याचे करडई तेल शेंगदाण्याच्या तेलाहून लवकर खवट होते. शहरातल्या एका दुकानातून मी पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीतले 'घाण्याचे' करडई तेल आणले होते. मांडणीवर उन्हाच्या तिरिपेत ती बाटली किती दिवस उभी होती कोणास ठाऊक. झाकण उघडताच जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. बार्शीचे तेल मी स्टीलच्या डब्यात, ओट्यापासून दूर, अंधाऱ्या कप्प्यात ठेवते आणि रोजच्या वापरापुरते छोट्या बरणीत काढते. तळाशी पुन्हा थोडा गाळ बसतो. तो हलवू नये आणि शेवटचे तेल भाजीत संपवावे.

किमतीच्या बाबतीत हे तेल मला रिफाइंड सूर्यफुलाच्या जवळपास दुप्पट पडते, आणि तो भाव मला वाजवी वाटतो. करडईच्या बियांत तेल साधारण ३० टक्के असते आणि लाकडी घाण्यात तेही सगळे निघत नाही. शेंगदाण्यात मात्र वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असते. शिवाय बी मिळणेच अवघड झाले आहे. देशात एकेकाळी कित्येक लाख हेक्टरांवर असलेले हे पीक आता फार थोड्या क्षेत्रावर उरले आहे. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळत नाहीत, मावा या किडीचा त्रास होतो, सोयाबीन आणि हरभऱ्याच्या जोडीत तिला जागा राहत नाही, आणि स्वस्त आयात पामतेलापुढे तिच्या तेलाला भाव मिळत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, परभणीच्या कृषी विद्यापीठातही करडईच्या वाणांवर काम झाले आहे. तरीही घाणेवाल्यांना बियांसाठी गावोगावच्या ओळखी धरून ठेवाव्या लागतात. बियांचा भाव वाढला की तेलाचा वाढतो, हे मालक पावतीच्या मागे हिशेब मांडून दाखवतात.

दोन तक्रारी आहेत. दुकान उघडे असण्याची वेळ निश्चित नाही, आणि बाहेरगावी तेल पाठवण्याची सोय नाही, एस.टी.ने येणाऱ्याच्या हाती डबा देणे हाच मार्ग आहे. जे जाणार असतील त्यांनी आदल्या दिवशी विचारून जावे आणि स्वतःचा कोरडा, घट्ट झाकणाचा डबा न्यावा. नवी करडई फाल्गुनाच्या सुमारास येते. तेव्हापासून उन्हाळाभर निघणाऱ्या तेलाचा वास सर्वांत भरीव असतो. पावसाळ्यात साठवणीतले बी गाळले जाते आणि वास थोडा उतरतो, त्यामुळे त्या दिवसांत लिटरभरच घ्यावे आणि संपल्यावर पुन्हा आणावे.