चार्ट झकास, पण महिन्यांचा पार गोंधळ (५ पैकी अडीच स्टार)

म्हापशात आमची छोटी खानावळ आहे, सगळी फिशथाळीवर चालते, म्हणून कुठल्या महिन्यात किती थाळ्या गेल्या ते मी शीटमध्ये लिहून ठेवतो. त्याचे चार्ट काढायला हे अ‍ॅप घेतलं (नाव घेत नाही, उगाच कटकट नको). दिसायला एकदम भारी, शीट जोडली की दोन मिनिटांत चार्ट तयार, मोबाईलवर पण नीट दिसतो. बाबांना दाखवला तर चष्मा वर करून म्हणतात, "डिसेंबरानंतर फेब्रुवारी? मग जानेवारी गेला कुठे रे?"

झालं काय, मी महिने इंग्रजी शॉर्टफॉर्ममध्ये टाकलेले, जान, फेब, मार असे, आणि अ‍ॅपला ते महिने वाटतच नाहीत, नुसती अक्षरं वाटतात, मग लावले ए बी सी डीप्रमाणे: एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी, जानेवारी, जुलै, जून, मार्च, मे, नोव्हेंबर, ऑक्टोबर आणि सगळ्यात शेवटी सप्टेंबर. आता गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, पुढे श्रावण, म्हणजे जून ते ऑगस्ट सलग खड्डा दिसायला पाहिजे. इथे ऑगस्ट एप्रिलला चिकटून बसलाय आणि जून-जुलै, ते पण उलटे, जानेवारी आणि मार्चच्या मध्ये! बघणाऱ्याला वाटेल ऐन सीझनमध्ये आम्ही शटर ओढून बसलो होतो. मराठीत लिहून बघितलं तर एप्रिलनंतर थेट ऑक्टोबर, ती वेगळीच बाराखडी.

तीन टिंबांच्या आत कुठेतरी शीटमधला क्रम ठेवायचा ऑप्शन सापडला एकदाचा. पण मागच्या वर्षाचे आकडे घातल्यावर दोन्ही जानेवारींची बेरीज करून एकच दांडी काढली, डोकंच फिरलं. शेवटी नावं काढून खऱ्या तारखा टाकल्या, प्रत्येक महिन्याची १ तारीख, आणि फॉरमॅटमध्ये फक्त महिना-वर्ष दिसेल असं केलं, तेव्हा कुठे ऑक्टोबर ते मे सीझन एका ओळीत आला.

एक्सेलच्या पिव्हटमध्ये (आकडे गटागटाने जमवून दाखवणारा तक्ता) एवढा त्रास नाही, त्याच्याकडे जान ते डिस यादी आधीपासून असते, फक्त सप्टेंबरला तीनच्या जागी चार अक्षरं लिहिली की तो रांगेबाहेर जातो, ते सांभाळा.

सपोर्टला मेल टाकला तर उत्तर आलं, कॉलमचा प्रकार तारीख करा. अहो, मग शीट जोडतानाच विचारायचं ना, हे महिने आहेत का म्हणून!