लूपवाला शोल्डर स्ट्रेच पट्टा : टेनिस खेळणाऱ्या पोरांसाठी घ्यावा का?

5 पैकी 2 स्टार, आणि ते पण शिलाईला. पट्टा दणकट आहे, लूप उसवत नाहीत, हाताला कचत नाही, धुतला तरी तसाच राहतो. पण बॉक्सवर टेनिस रॅकेटचं चित्र काढून जे विकतायत ना त्याच्याशी माझं भांडण आहे.

वस्तू काय तर नायलॉनचा लांब पट्टा, ओळीने लूप शिवलेले, ताणला तरी लांब होत नाही (रबरी रेझिस्टन्स बँड वेगळा, दोन्हीत गल्लत करू नका). सोबत व्यायामांची पुस्तिका. माझी मुलगी अंडर-14 खेळते, उजव्या हाताने, सर्व्ह जोरात मारायची हौस, खांदा आखडतो म्हणाली की आपण ऑनलाइन शोधतो आणि पहिल्यांदा हेच समोर येतं.

आता पुस्तिकेतले खांद्याचे पहिले दोन व्यायाम बघा. एक, दोन्ही हातांत पट्टा धरून सरळ हाताने डोक्यावरून मागे न्यायचा. दुसरा, कोपर वर करून पंजा मानेमागे आणि खालून दुसऱ्या हाताने पट्टा ओढायचा. करताना छान वाटतं, छाती मोकळी होते, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण दोन्हीत ताण मुख्यतः खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि काखेकडे येतो, आणि टेनिसवाल्या पोरांच्या खांद्याची पुढची बाजू आधीच गरजेपेक्षा सैल असते!

कारण सर्व्ह. रॅकेट पाठीमागे खाली जाते तेव्हा मोठ्या खेळाडूंचा दंड बाहेरच्या बाजूला 170 अंशांच्या आसपास फिरलेला दिसतो (त्यात पाठ आणि स्कॅप्युला म्हणजे खांद्यामागच्या पात्याचा पण वाटा असतो, नुसता खांद्याचा सांधा एवढा फिरत नाही) आणि तिथून तो पुढे आत फिरतो तो स्पीड म्हणजे अख्ख्या खेळातल्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी एक. बॉल मारून झाल्यावर या हाताला ब्रेक कोण लावतं? खांद्याच्या मागचे छोटे स्नायू आणि सांध्याचं मागचं आवरण. रोज शेकडो वेळा ब्रेक लावून लावून मागची बाजू आखडत जाते. म्हणून खेळायच्या हाताचं एक्स्टर्नल रोटेशन (दंड बाहेर फिरणं) वाढलेलं आणि इंटर्नल रोटेशन (आत फिरणं) कमी झालेलं असतं, लहान वयातल्या खेळाडूंमध्येसुद्धा. म्हणजे आखडलंय मागे आणि पट्टा ताणतोय पुढे.

बरं हे मापायला काही मशीन लागत नाही. पोराला पाठीवर झोपवा, दंड बाजूला 90 अंशात, कोपर 90 अंशात वाकवलेलं, पंजा छताकडे. एका हाताने खांद्याचा पुढचा भाग हलकेच दाबून ठेवा म्हणजे तो उचलून फसवणार नाही (हे नाही केलं तर आकडा हमखास खोटा येतो), आणि मग पंजा पायांच्या दिशेने किती खाली जातो ते इंटर्नल, डोक्याच्या दिशेने किती जातो ते एक्स्टर्नल. मोबाईलमधलं अँगल मोजायचं ॲप मनगटाला लावलं तरी अंदाज येतो, पण पहिल्यांदा फिजिओकडूनच मापून घ्या.

मुलीचे आकडे उजवीकडे इंटर्नल 42, एक्स्टर्नल 108, आणि डावीकडे 61 आणि 92. नुसतं इंटर्नल बघितलं तर 19 अंशांचा फरक, आणि साधारण 18-20 च्या वर गेलं की लक्ष ठेवा म्हणतात, त्यामुळे मी लगेच स्ट्रेच सुरू करायच्या तयारीत. पण फिजिओने इंटर्नल आणि एक्स्टर्नलची बेरीज केली. उजवीकडे 150, डावीकडे 153. दोन बाजूंच्या बेरजेत 5 अंशांपर्यंत फरक चालतो, म्हणजे एकूण फिरणं शाबूत आहे, फक्त मागे, म्हणजे एक्स्टर्नलकडे, सरकलंय. आणि हे सरकणं बऱ्याचदा हाडातलं असतं. दंडाच्या हाडाला जन्मतः मागच्या बाजूला जास्त पीळ असतो, वाढत्या वयात तो हळूहळू कमी होतो, पण जी पोरं लहानपणापासून फेकतात किंवा सर्व्ह मारतात त्यांच्या त्या हातात तो कमी व्हायचाच राहून जातो. हाडातला पीळ कुठल्याही पट्ट्याने जात नाही, उगाच ओढलं तर सांध्याचं आवरण तेवढं दुखावेल. हे पुस्तिकेत एका ओळीत तरी सांगायला हवं होतं, पण मग पट्टा कसा खपणार.

ताण कधी द्यायचा तर बेरीजच कमी भरायला लागली की. सलग मॅचेस झाल्या की इंटर्नल रोटेशन तात्पुरतं घटतं, तेव्हा बेरीज पण घसरते, आणि ते स्नायूंचं आखडणं असल्यामुळे स्ट्रेचला ऐकतं. त्यासाठी सगळ्यात चांगला क्रॉस-बॉडी, म्हणजे खेळायचा हात छातीवरून पलीकडे ओढायचा. 2007 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात 4 आठवडे रोज 30 सेकंदांचे 5 असे स्ट्रेच करून घेतले होते, त्यात क्रॉस-बॉडी करणाऱ्यांचं इंटर्नल रोटेशन काहीच स्ट्रेच न करणाऱ्यांपेक्षा चांगलं वाढलं, आणि कुशीवर झोपून पंजा खाली दाबायचा तो फेमस स्लीपर स्ट्रेच तितका ठोस फरक दाखवू शकला नाही. स्लीपरमध्ये पोरं जोर लावून दाबतात आणि खांदा पुढून टोचायला लागतो, आमच्याकडे तो बंदच आहे.

क्रॉस-बॉडीत अट एकच, मागचा स्कॅप्युला हलता कामा नये. म्हणून त्याच कुशीवर झोपायचं किंवा भिंतीला तो टेकवून उभं राहायचं. मी पट्ट्याचा लूप कोपरात अडकवून पण करून बघितलं, तर ओढ एवढी लांबून येते की अख्खा स्कॅप्युलाच पुढे घसरतो आणि खांद्याच्या मागे काहीच जाणवत नाही. दुसऱ्या हाताने धरून ओढलं की लगेच बरोबर जागी ताण लागतो. मागच्या बाजूला गाठ वाटत असेल तर जुना टेनिस बॉल भिंत आणि खांदा यांच्यामध्ये धरून फिरवा, तो किटमध्ये असतोच.

पुस्तिकेत पाठीमागून पंजा वर ओढायचा पण एक व्यायाम आहे. तो इंटर्नल रोटेशनसाठीच आहे हे मान्य, पण ओढताना स्कॅप्युला कलंडतो आणि खांद्याचा गोळा पुढे येतो. पोरांना एकट्याने करू देऊ नका.

आणि काही पोरं मुळातच लवचिक असतात, कोपर उलटं वाकतं, अंगठा मनगटाला टेकतो, अशांनी तर हा पट्टा खांद्याला लावूच नये. त्यांना ताकद हवी असते, खांद्याच्या मागच्या स्नायूंची, त्यासाठी रबरी बँड घ्या आणि कोपर अंगाला लावून पंजा बाहेर फिरवायचा व्यायाम करा. हा पट्टा त्या कामाचा नाही. स्ट्रेच सगळे खेळून झाल्यावर, मॅचच्या आधी हात फिरवून वॉर्म-अप, ताणून धरणं नको.

वाढत्या वयाच्या पोराला दंडाच्या वरच्या भागात बाहेरून दुखत असेल, सर्व्ह मारताना जास्त, तर पट्टा बाजूला ठेवा, क्रॉस-बॉडी पण नको. तिथे हाडाची वाढायची जागा असते, तिच्यावर ताण आला तर सर्व्ह थांबवून डॉक्टरकडेच जायला लागतं.

तर हे 2 स्टार. पुस्तिकेतली पायांची पानं चांगली आहेत, पाठीवर झोपून तळव्याला लूप अडकवायचा आणि पाय वर घ्यायचा, मांडीच्या मागच्या बाजूला मस्त ताण बसतो आणि लूप मोजून ठेवले की प्रगती पण कळते. पायांसाठी म्हणून विकला असता तर 4 दिले असते.