हरवलेली संख्या आणि घाईचे उत्तर

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी भाचा स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. त्याच्यासाठी प्रश्नाचा फोटो पाठवून उत्तर मिळवण्याची एक सशुल्क ऑनलाइन सेवा आम्ही तीन महिने वापरली. साध्या मालिकांत ती चोख आहे: २, ६, १२, २०, ? याचे ३० हे उत्तर तर आलेच, शिवाय फरक ४, ६, ८, १० असा वाढतो हेही मराठीत नीट समजावले होते.

अडचण येते ती अस्पष्ट प्रश्नांत. शिकवणी वर्गांच्या भंवरकुआँ भागातून आणलेल्या झेरॉक्समध्ये ३, ४, २५ आणि २, ५, २९ अशा ओळी होत्या आणि तिसरीत १, ६, ? असे विचारले होते. पहिल्या दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज केली की ३७ येतात. पण शाई फुटल्याने २९ चे २० दिसत होते, आणि सेवेने काही न विचारता, पाच-पाचने उतरणारा क्रम जुळवून, १५ हे उत्तर ठामपणे दिले. आमच्या जुन्या मास्तरांनी आधी चष्मा पुसला असता!

१, २, ४, ? इथे दुप्पट धरल्यास ८ आणि फरक एकेकाने वाढवल्यास ७, अशी दोन्ही उत्तरे बसतात. सेवा मात्र ८ सांगून मोकळी होते. १, २, ४, ८, १६ नंतर ३१ सुद्धा येऊ शकतात, कारण वर्तुळावरचे सहा बिंदू सर्व जीवांनी (दोन बिंदू जोडणाऱ्या सरळ रेषांनी) जोडल्यास वर्तुळाचे जास्तीत जास्त तेवढेच भाग पडतात. म्हणून प्रश्नात पर्याय दिलेले असतील तर ते फोटोत अवश्य घ्यावेत. वर्षाची वर्गणी आम्ही भरली नाही. महिन्याचीच चालू ठेवली आहे.