पहिलीला कुठे घालायचं? महापालिकेची मराठी शाळा आणि सेक्टरातली इंग्रजी शाळा, अभ्यासापलीकडचं

डिसेंबर लागला की नवी मुंबईतल्या आमच्या कोपरखैरणेत सोसायटीच्या बाकांवर एकच विषय असतो, पहिलीला कुठे घालायचं. माध्यम, फी, बस यावर सगळे भरभरून बोलतात. मूल शाळेत कुणाच्या शेजारी बसतं, कार्यक्रमात त्याच्या वाट्याला काय येतं, आपल्याला तिथे आत जाता येतं का, हे विचारणारं क्वचित भेटतं. माझी मोठी मुलगी चौथीपर्यंत सेक्टरातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत होती. धाकटा गावठाणाजवळच्या महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत आहे. दोन्ही उंबरठे झिजवून झालेत, म्हणून अभ्यास बाजूला ठेवून फक्त शाळेतल्या जगण्याबद्दल लिहिते.

सुरुवात परिपाठापासून करते, कारण मला सगळ्यात मोठा फरक तिथे दिसला. धाकट्याच्या शाळेत रोज सकाळी पटांगणात प्रार्थना, प्रतिज्ञा, राज्यगीत होतं. मग दिनविशेष, सुविचार, बोधकथा. हे सांगायला वर्गांच्या पाळ्या लागतात आणि वर्गात हजेरीच्या क्रमाने मुलांच्या. त्यामुळे चुणचुणीत मूल आणि मागच्या बाकावरचं मूल दोघांच्याही हातात माइक येतो. आमच्या बाळाला दुसरीत ‘र’ नीट म्हणता येत नव्हता. त्याच्या पाळीला आलेल्या सुविचारात नेमका ‘परिश्रम’ शब्द होता. तो अडला, माइक धरून नुसता उभा राहिला. शेजारी उभ्या असलेल्या पाचवीच्या मुलीने त्याच्या कानाशी शब्द पुरवला, त्याने त्याला जमला तसा म्हटला आणि वाक्य पुरं केलं. कुणी हसलं नाही. मी फाटकाशी डबा द्यायला थांबले होते म्हणून हे पाहायला मिळालं.

मुलीच्या शाळेतली असेंब्ली देखणी असायची. प्रत्येक वर्गाला सत्रातून एकदा संधी, विषय ठरलेला, पाठांतर पक्कं, पालकांना निमंत्रण. उच्चार स्वच्छ असलेली पाच-सहा मुलं बोलायची आणि बाकीची मागे ओळीत उभी राहून गाणं म्हणायची. चार वर्षांत माझ्या मुलीच्या हातात माइक दोनदा आला. ती शाळा वाईट होती असं मी अजिबात म्हणणार नाही. बाई प्रेमळ होत्या आणि वाचनाचा तास तर फारच सुंदर व्हायचा. पण पालकांना दाखवायचं म्हटलं की निवड होतेच, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला आपली निवड झाली नाही हे बरोबर कळतं.

स्नेहसंमेलनाचंही तसंच. खासगी शाळांची संमेलनं बहुतेक नाट्यगृहात होतात. आमचं वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात झालं होतं. एक गोष्ट मनापासून मान्य करते, तिथे प्रत्येक मूल रंगमंचावर जातं. दिवे, पडदा, समोरची गर्दी या सगळ्याची भीती लहानपणीच मोडते. पण त्या वर्षी मुलांना तीन तास मागच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. तीन मिनिटांचा नाच झाला की थेट आमच्या ताब्यात. माझ्या मुलीने आपल्याच शाळेतला दुसरा एकही नाच पाहिला नाही. पोशाखाचे आणि नाच बसवणाऱ्या बाहेरच्या सरांचे पैसे वेगळे होते, ते निराळंच. धाकट्याकडे मांडव पटांगणातच. सतरंजीवर सगळी शाळा बसते, ज्यांचा नाच झाला ती मुलं पोशाख न बदलता पुढच्यांना टाळ्या द्यायला येऊन बसतात. कोळीगीत आणि लेझीम ठरलेलं. लेझमीला मात्र तोड नाही, कारण आमच्या भागात साताऱ्याकडून आलेल्या माथाडी कामगारांची मुलं भरपूर आहेत आणि घरातून शिकून येतात. इथली खोट अशी की प्रत्येकाला नाचात घेतलंच जाईल याची खात्री नाही. लाजरं मूल सुटून जाऊ शकतं. बाईंना आधीच जाऊन सांगावं लागतं.

मी कुणालाही बाल आनंद मेळावा पाहायला जा असं आग्रहाने सांगते. मुलं घरून थोडं भांडवल आणतात, खाऊ करतात आणि शाळेतच विकतात. गेल्या वर्षी धाकट्याने चौघांत मिळून भेळ लावली. कांदा आम्ही आयांनी चिरून दिला, बाकी सगळं त्यांचं. पहिल्या दहा मिनिटांत सुट्ट्या पैशांचा घोळ झाला. कुणी पन्नासची नोट दिली की चौघेही एकमेकांकडे पाहायचे. मग त्यांच्यातला एक पुढे झाला. त्याची आई संध्याकाळी नाक्यावर भाजीची गाडी लावते आणि तो तिच्या शेजारी बसतो. त्याने दहाची नाणी एका वाटीत, पाचची दुसऱ्या वाटीत केली आणि ‘आधी पैसे घ्यायचे, मग भेळ द्यायची’ असा नियमच घालून दिला. वर्गात वाचताना मागे पडणारा तो मुलगा त्या दिवशी सगळ्यांचा म्होरक्या होता. धाकटा अजून त्याला विचारल्याशिवाय हिशेब करत नाही. मुलीच्या शाळेतल्या मेळ्यात स्टॉल होते, पण ते पालकांनी आणि बाहेरच्या विक्रेत्यांनी लावलेले. मुलं कुपनं घेऊन खेळली, मजा आली, घरी आली.

खेळ आणि छंदवर्गात मात्र खासगी शाळा सरळ पुढे आहे, यात मला शंका नाही. स्केटिंग, बुद्धिबळ, फुटबॉल, प्रत्येकाला वेगळा प्रशिक्षक, हाऊसप्रमाणे सामने, दुसऱ्या शाळांशी स्पर्धा. महापालिकेच्या शाळेत खो-खो, लंगडी, कबड्डी सुंदर चालते, पण सगळं एखाद्या उत्साही सरांवर उभं असतं. ते सर निवडणुकीच्या कामाला गेले की मैदान ओस. हा दोष शिक्षकांचा नाही, पण नुकसान मुलांचं होतं आणि ते मला खुपतं. मुलाला एका खेळात पुढे जायचं असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

मधल्या सुट्टीत धाकटा पोषण आहार जेवतो. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं या आहाराचं प्रमाण आहे. खिचडी कधी पातळ असते, मटकी कधी कच्ची, तेव्हा तक्रार करावी लागते. पण मुलं रांगेत मांडी घालून एकच अन्न जेवतात, मोठी मुलं वाढतात, ताटं आपली आपण धुतात. आगरी घरातला, माथाड्याचा, परभणीहून बांधकामावर आलेल्याचा आणि आमचा, सगळे एका पंगतीत. यात एक दुखरी बाजूही आहे. बांधकामाची जागा बदलली की मित्र अचानक शाळेतून नाहीसा होतो. दिवाळीनंतर धाकट्याचा असाच एक मित्र आला नाही, तो कितीतरी दिवस विचारत होता.

आता पालकांचं. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला. नियमित बैठकीला गेलात तर खरंच काही घडतं. आमच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आयांनी बैठकीत विषय लावून धरला म्हणून बसली. अडचण वेळेची आहे, रोजंदारीवरची आई दुपारी येणार कशी? खासगी विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. राज्याच्या २०११च्या शुल्क कायद्याप्रमाणे त्याच्या कार्यकारी समितीवर पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात आणि फीवाढीचा प्रस्ताव त्या समितीपुढे यावा लागतो. मुलीच्या शाळेत सोडत झाल्याचं आम्हाला नावं लागल्यावर कळलं. प्रवेश घेतानाच विचारा, सोडत कधी आणि कुणासमोर होते.

खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल-वंचित घटकांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश घेणार असाल तर आणखी एक गोष्ट विचारायला लाजू नका. सहल, पोशाख, संमेलन यांचे पैसे भरणं जमलं नाही तर मुलाचं काय होतं? मुलीच्या वर्गातली एक मुलगी ऐरोलीच्या फ्लेमिंगो सफरीला आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाने त्याच सहलीवर निबंध लिहिला. तिने काय लिहिलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ठाण्यातल्या जुन्या अनुदानित मराठी शाळा हा तिसरा पर्याय. नणंदेची मुलगी नौपाड्यात अशा शाळेत आहे. आषाढीची दिंडी, नवरात्रातला भोंडला, कब-बुलबुलचं (छोट्यांच्या स्काउट-गाइडचं) पथक, आणि आजीही त्याच शाळेची. दोन्हींतलं बरंच चांगलं तिथे एकत्र सापडतं. नवी मुंबईत अशा शाळा कमी, आणि ठाण्याला रोज सोडणं पहिलीच्या मुलाला झेपणारं नाही.

दोन्हीकडे पाहून माझं मत असं झालंय की पाचवीपर्यंत चालत जाता येईल ती शाळा घ्यावी, कारण शाळेतले मित्र संध्याकाळी खालीही भेटतात. बसने जाणाऱ्या माझ्या मुलीच्या मैत्रिणी नेरूळ-सानपाड्याला राहायच्या, फक्त वाढदिवसाला भेटायच्या. जवळची शाळा महापालिकेची असेल आणि तुमच्यापैकी एकाला महिन्यातून दोन तास काढता येत असतील, तर बिनधास्त घाला. दोघंही सकाळी आठला बाहेर पडून रात्री परतत असाल आणि मुलाला खेळात किंवा संगीतात रस असेल, तर शाळेनंतरही मुलांना थांबवून घेणारी खासगी शाळा सोयीची पडेल.

अर्ज भरण्याआधी एखाद्या शनिवारी सकाळी शाळेत जाऊन या. बऱ्याच शाळांत त्या दिवशी दप्तर नसतं. मुलं वर्गाबाहेर असतात तेव्हा फाटकाशी अर्धा तास उभं राहू देतात का ते बघा, आणि दुसरीतल्या एखाद्या मुलाला विचारा, ‘काल तू शाळेत काय केलंस?’