पाचवीनंतरचे एक वर्ष : शाळेत की प्रवासात?

ज्यांचे काम लॅपटॉपवर कुठूनही होऊ शकते अशा साताऱ्यातील पालकांच्या मनात मुलांना घेऊन वर्षभर फिरावे आणि वाटेतच शिकवावे, हा विचार अलीकडे येऊ लागला आहे. आम्ही थोरल्या मुलीला सहावीचे वर्ष असेच शाळेबाहेर दिले; धाकट्या मुलाची शाळा मात्र चालू ठेवून आम्ही सुट्टीपुरतेच फिरतो. दोन्ही मार्ग अनुभवलेले असल्यामुळे, निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी त्यांची ही तुलना.

कायद्याची बाजू आधी पाहावी. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी शाळेचाच विचार करतो. घरी शिकवण्याला त्यात वेगळी मान्यता दिलेली नाही, तशी स्पष्ट मनाईही केलेली नाही. शाळेत राहिलेल्या मुलाला हा प्रश्न पडत नाही. बाहेर पडलेल्याला दहावीच्या वेळी दोन वाटा उरतात. पहिली १७ नंबरच्या फॉर्मची : वय किमान १४ आणि पाचवी उत्तीर्ण असल्यास खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाच्या परीक्षेला बसता येते, आणि सातारा-सांगलीकरांसाठी ते काम कोल्हापूर विभागीय मंडळाकडे असते. दुसरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, जिथे पाच विषय पाच वर्षांत, नऊ संधींमध्ये सवडीने सोडवता येतात. सतत प्रवासात असणाऱ्यांना ही दुसरी वाट अधिक सोयीची आहे. तरीही पाचवी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा जवळ नसेल तर पहिली वाट बंद होते, म्हणून पाचवीची परीक्षा शाळेतूनच द्यावी, निकाल आणि दाखला हाती घ्यावा आणि मगच घर सोडावे, असे माझे ठाम मत आहे.

शिकण्याच्या दृष्टीने पाहता, प्रवासाच्या बाजूने जे सांगितले जाते त्यातले पुष्कळसे शाळा न सोडताही मिळते. कासचे पठार साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. मे महिन्यातला उघडा जांभा खडक आणि सप्टेंबरमध्ये त्याच खडकावरील पातळ मातीत उगवणारी दवबिंदू या वनस्पतीसारखी कीटकभक्षी झाडे मुलाला दाखवायला दोन रविवार पुरतात. कोयना धरण, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, खंडाळा तालुक्यातील सावित्रीबाई फुले यांचे नायगाव, मिरजेतील सतारमेकरांची दुकाने, हे सारे सुट्टीच्या आवाक्यातले आहे. दीर्घ प्रवासाचे खरे देणे वेगळे आहे, आणि ते म्हणजे एका ठिकाणी महिनाभर राहण्याची मुभा. हंपीजवळ राहिलो तेव्हा शेजारच्या मुलींबरोबर खेळता खेळता मुलीला कामापुरते कन्नड बोलता येऊ लागले. चार दिवसांच्या सहलीत हे घडले नसते.

गमावले काय, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. गणित आणि विज्ञान आम्ही रोज सकाळी दोन तास बसून पूर्ण केले, पण मराठी लेखन मागे पडले, कारण घरात भाषा बोलली जाते, पानभर लिहिली जात नाही. पुन्हा शाळेत गेल्यावर निबंधाला हात सरावायला सहा महिने गेले. खो-खोचा संघ सुटला तो सुटलाच. मैत्रिणींची उणीव आईवडिलांना भरून काढता येत नाही, आणि शिकवण्याचा भार बहुतेक घरांत आईवरच पडतो, म्हणून तो कोण किती तास वाहणार हे निघण्यापूर्वीच ठरवावे. शिष्यवृत्ती परीक्षा शाळेमार्फत द्यायची असते. साताऱ्यातच १९६१ साली सुरू झालेल्या, देशातील पहिल्या सैनिक स्कूलमध्ये प्रवेश सहावीला आणि नववीला होतो. मुलाचा ओढा तिकडे असेल तर सहावीचे वर्ष बाहेर घालवू नये.

एरवी सहावी-सातवी हा मला सर्वांत योग्य काळ वाटतो. मूल स्वतः वाचू लागलेले असते आणि दहावी अजून दूर असते. आठवीच्या जूनपर्यंत परतावे. ज्या मुलाला मित्रांशिवाय करमत नाही, त्याला मात्र सुट्टीतला प्रवासच द्यावा. आमचा धाकटा आता चौथीत आहे. त्याची पाचवीची परीक्षा होईपर्यंत आमचा मुक्काम साताऱ्यातच राहील, आणि पुढचे त्याला विचारूनच ठरेल.